डिस्कवर जागा नाही

विरार लोकलने ज्यांनी दोन-चार वर्षं तरी प्रवास केला आहे त्यांना 'जागा नाही' या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिघींच्या बाकावर चौथी टेकलेली असते, दोन बाकांच्या मधे पाच जणी उभ्या असतात आणि दारातली बाई चढणारीला सांगते, 'जागा नाही.' गंमत अशी की, वसईला धक्के खात आत शिरलेली बाई पुढच्याच नायगाव स्टेशनावर हेच वाक्य बाहेरच्यांना ऐकवते. म्हणजे जागा आहे की नाही हे पुष्कळदा डब्यावर अवलंबून नसतं, आपण दाराच्या आत आहोत की बाहेर यावर असतं.

संगणकही हेच वाक्य बोलतो. एखादं मोठं सॉफ्टवेअर बसवायला घ्या, निम्म्यावर आल्यावर पडद्यावर चौकट येते की डिस्कवर जागा नाही. संगणक आपल्या एकट्याचा असेल तर प्रश्न सोपा. आपलंच काहीतरी काढायचं, आपलंच ठेवायचं. पण तोच संगणक चाळीस मुलांचा असेल, किंवा वाचनालयातल्या सगळ्या वाचकांचा असेल, तर? मग काय काढायचं आणि कुणाचं काढायचं? या प्रश्नाशी माझा संबंध गेली वीस-बावीस वर्षं या ना त्या कारणाने येत राहिला, म्हणून आज त्यावर लिहायला बसले.

तसं पाहिलं तर मी मराठीची बाई. बी.ए. मराठी माध्यमातून केलं, उभी हयात खडू-फळ्यात गेली. संगणकाशी गाठ पडली ती पन्नाशीनंतर, एमएस-सीआयटी करावी लागली तेव्हा. वसईतल्या आमच्या शाळेत (तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता, पालघर जिल्हा झाला २०१४ साली) एक संगणक कक्ष होता. दहा संगणक. दोन नवे, बाकीचे कुठून कुठून देणगीत आलेले. जुन्यांची डिस्क दहा जीबीची, म्हणजे आजच्या साध्या फोनहूनही लहान. एका संगणकापुढे तीन मुलं बसत. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात कीबोर्ड आणि तिसरा सूचना देणार! सगळ्यात जास्त शिकायचा तो तिसराच, असं माझं निरीक्षण आहे. असो.

२००३ साली माझ्या मनात आलं की मुलांनी संगणकावर मराठी लिहावं. विंडोज एक्सपीमध्ये मराठीची सोय होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर जाऊन एका चौकटीत खूण करायची, की ती जागी होणार. त्या एका खुणेत अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, थाई, व्हिएतनामी आणि आपल्या सगळ्या भारतीय लिप्या एकाच पंगतीला बसवलेल्या होत्या. लागणारी जागा दहा एमबी किंवा थोडी जास्त. चिनी-जपानी-कोरियन हवी असेल तर मात्र २३० एमबी. खूण केली की संगणक विंडोजची सीडी मागायचा, आणि ती सीडी शाळेकडे नव्हती, संगणक पुरवणाऱ्याकडे होती. फोन केला तर उत्तर आलं, 'मॅडम, मराठी टाकली तर मशीन स्लो होईल, आणि जागा पण नाही.'

जागा नाही! नववीतल्या एका मुलाने मला दाखवलं की डिस्कच्या चित्रावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज पाहिलं की गोल भाकरीसारखं चित्र येतं. निळा भाग भरलेला, गुलाबी भाग मोकळा. आमच्या भाकरीचा जवळजवळ अर्धा भाग गुलाबी होता. दहा एमबी म्हणजे त्या भाकरीचा हजारावा हिस्सा. तरीही जागा नव्हती. गेम होते, नमुन्याची गाणी होती, विंडोजबरोबर आलेली कुठल्या कुठल्या डोंगरांची चित्रं होती. ती पहिल्यापासून आत होती ना! मराठी दारात उभी.

शेवटी ओळखीतल्या एकाकडून सीडी आणली आणि दहाही संगणकांवर मराठी बसवली. इन्स्क्रिप्टची कळफलक-पाटी पुठ्ठ्यावर काढून भिंतीला लावली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मराठी मुलाला ही मांडणी पटकन समजते, कारण ती आपल्या वर्णमालेच्या चालीने जाते. पंधरा दिवसांत मुलं माझ्याहून भरभर लिहू लागली.

मग त्यांना काम दिलं. घरी आजी-आजोबांशी बोला आणि आता आपल्या बोलण्यात नसलेले शब्द लिहून आणा. आमच्या वर्गात नंदाखाल-निर्मळकडची कादोडी बोलणारी मुलं होती, वाडवळी बोलणारी होती, अर्नाळ्याकडची कोळ्यांची होती. वसईत दहा मैलांत बोली बदलते. मुलांनी काय काय आणलं! रहाटाच्या एकेका भागाची नावं, पानवेलींच्या मळ्यातले शब्द, केळी वाळवण्यातले, होडीचे, वाऱ्यांचे, माशांच्या आकारावरून पडलेल्या नावांचे. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, एक वाक्य आणि सांगणाऱ्या आजीचं नाव. तीन वर्षं हे चाललं. तीन तुकड्यांनी मिळून चौदाशेच्या आसपास शब्द जमवले. सगळे एका जुन्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर, मुलांच्या फोल्डरमध्ये.

त्या सगळ्याला जागा किती लागत होती, हे मी नंतर हिशेब करून पाहिलं. एका नोंदीची साधारण साठ अक्षरचिन्हं धरली, एका चिन्हाला दोन बाइट, तर चौदाशे नोंदींचे पावणेदोनशे केबीसुद्धा होत नाहीत. एका फ्लॉपीत असे आठ संग्रह मावले असते.

२००६ साली शाळेत एक शैक्षणिक पॅकेज आलं. विज्ञान आणि गणिताची हलती चित्रं, तीन सीडींचा संच, प्रत्येक संगणकावर दोन जीबी जागा हवी. एव्हाना आमच्या भाकऱ्या निळ्या होत आल्या होत्या. शिवाय मोठं सॉफ्टवेअर बसवताना आणखी एक भानगड असते, ती मला तेव्हाच कळली. ते आधी आपलं सामान तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडतं आणि मग तिथून जागच्या जागी लावतं. घर बदलताना ट्रंका आधी ओसरीवर उतरवाव्या लागतात तसं. म्हणजे दोन जीबीच्या पॅकेजला प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त जागा मोकळी लागते. खोली आहे पण ओसरी नाही, म्हणून काम अडतं.

पॅकेजवाल्यांचा मुलगा शनिवारी आला. शाळा सकाळची, मी घरी गेलेले. त्याच्या हातात त्या दिवशी चार शाळांची यादी होती, असं मला नंतर कळलं. त्याने डी ड्राइव्ह उघडून शिपायाला विचारलं, 'यात काही महत्त्वाचं आहे का?' शिपाई म्हणाला, 'मुलांचं काहीतरी आहे.'

'मुलांचं काहीतरी' म्हणजे 'काही नाही', असा अर्थ त्याने घेतला. एकेक फाइल बघायला वेळ कुठे होता? त्याने सरळ दहाही संगणकांचा डी ड्राइव्ह फॉरमॅट केला. संध्याकाळपर्यंत पॅकेज बसलं, पावतीवर सही झाली.

त्या मुलाचा मला राग आला नाही, आजही येत नाही. त्याने निदान विचारलं तरी. त्याला जे उत्तर मिळालं ते आपल्याकडे कुठेही मिळालं असतं. जागा दोन जीबीची हवी होती आणि आमच्या शब्दांनी तिच्या दहा-बारा हजाराव्या हिश्शाइतकी अडवली होती. ते ठेवले असते तरी पॅकेज बसलंच असतं. गेले ते जागेपायी गेले नाहीत, ते कुणाचे आहेत हे विचारलं गेलं नाही म्हणून गेले. एका मुलाने हौसेने फ्लॉपीवर घरी नेलेले सहाशे-साडेसहाशे शब्द परत मिळाले. बाकीचे पुन्हा जमवायला मुलांना पाठवलं, त्यातले काही आले. एका मुलीने मात्र वही मिटून सांगितलं, 'बाई, आजी पावसाळ्यात गेली.' तिच्या आजीने एकटीने नव्वद शब्द सांगितले होते.

आणि ते पॅकेज? दोन जीबी जागा घेऊनही प्रत्येक वेळी सीडी घाला म्हणायचं. वर्षभरात ते कितीदा उघडलं हे हाताच्या बोटांवर मोजता येईल. अरब आणि उंटाची गोष्ट आम्ही मुलांना शिकवतो. उंट तंबूत शिरतो आणि अरब बाहेर. पण त्या गोष्टीत उंट निदान रोज कामाला तरी येतो!

सोमवारी मी कक्षात एक दोनशे पानी वही सुतळीने टांगली. एकेका संगणकाला वीस पानं. काय ठेवलं, कुणी ठेवलं, किती जागा, कधीपर्यंत. आणि काहीही काढायचं असेल तर आठ दिवस आधी फळ्यावर लिहायचं. हेडमास्तरांना मी एवढंच म्हटलं, 'वाचनालयातलं पुस्तक बाद करतानासुद्धा आपण नोंद करतो.' ते हसले, पण सही केली.

ही काही माझी अक्कल नव्हे, जगाने हे फार आधी ओळखलं होतं, असं पुढे वाचनात आलं. सामाईक संगणक हीच मुळात जुनी गोष्ट आहे, एकेकाचा स्वतंत्र संगणक ही नंतरची चैन. आपल्याकडचंच पाहा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची. हे शब्द आपल्यासारखे नव्हेत, चाळीस चाळीस बिटांचे. (आमच्या मुलांचे चौदाशे शब्द अर्थासकट त्यात मावले नसते, हे गमतीने सांगते.) पुढे १९६४ साली तिथेच सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशातल्या इतर संस्थांचे संशोधकही त्यावर आपापली गणितं सोडवून घेऊ लागले. त्या काळी प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर असे, एका कार्डावर ऐंशी रकाने. ज्याचा त्याचा गठ्ठा ज्याच्या त्याच्या खोक्यात. यंत्र सामाईक, शिदोरी आपली आपण न्यायची!

नंतर डिस्क आल्या, लोक आपलं सामान यंत्रातच ठेवू लागले आणि भांडणं लागली. मग वाटे आखावे लागले. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून १९८३ साली युनिक्सची जी आवृत्ती निघाली तिच्यात प्रत्येक वापरणाऱ्याला डिस्कची मर्यादा ठरवून देण्याची सोय होती. मर्यादा दोन, एक मऊ आणि एक कडक. कडक मर्यादा ओलांडताच येत नाही. मऊ मर्यादा ओलांडता येते, पण मग सवलतीची मुदत सुरू होते. आजच्या लिनक्समध्ये ती सहसा सात दिवसांची असते. त्या मुदतीत आपला पसारा आपणच आवरायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या फळ्यावरचे आठ दिवस आणि त्यांचे सात!

२००९ साली मी निवृत्त झाले. वाटलं, सुटले यातून. कसली सुटते? २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि वर्ग फोनवर आले. आमच्या शेजारच्या चाळीत एका घरी फोन एकच, सोळा जीबीचा, वडिलांचा. मुलगा दहावीत, मुलगी चौथीत. मुलाच्या शाळेने एक ॲप घ्यायला सांगितलं आणि फोन म्हणाला, जागा नाही. आईने काय करावं? मुलीच्या बाईंनी पाठवलेले कवितांचे आणि पाढ्यांचे व्हिडिओ काढून टाकले. दहावीचं वर्ष महत्त्वाचं, हे तिचं म्हणणं कुणीही मान्य करेल. मुलगी काही रडली-बिडली नाही. खिडकीच्या गजाला धरून मला म्हणाली, 'आजी, माझंच नेहमी आधी काढतात.'

मी चष्मा लावून तो फोन घेऊन बसले. घरात कुणी पाहिलंच नव्हतं की जागा नेमकी खाल्ली आहे कुणी. व्हॉट्सॲपवर आलेली सगळी चित्रं आपोआप उतरवून घ्यायची सोय चालू होती. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, सुप्रभात, शुभ रात्री... तीन जीबीहून जास्त सुप्रभात! ती काढली, आपोआप उतरवणं बंद केलं, मुलाचं ॲप बसलं आणि मुलीच्या बाईंना व्हिडिओ पुन्हा पाठवायला सांगितले. वडील जरा नाराज झाले, त्यात त्यांच्या गाववाल्यांनी पाठवलेला एक फोटो होता म्हणे. त्यांनाही विचारायला हवंच होतं, म्हणून त्यांना शेजारी बसवूनच काढत गेले होते. तरी एक निसटला.

सध्या मी आठवड्यातून तीन दिवस आमच्या भागातल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसते. तिथे चार संगणक आहेत, देणगीतलेच. त्यातले दोन विंडोज ११ घेत नाहीत आणि विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने त्या दोघांवर लिनक्स बसवून दिलं. उरलेल्या दोघांवर सगळ्यांची धाड. टायपिंगच्या परीक्षेचा सराव करणाऱ्या मुली येतात, स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारे येतात आणि डिप्लोमाची तीन मुलं मोबाइलचे ॲप बनवायला शिकतात, ती येतात. त्यांना अँड्रॉइड स्टुडिओ लागतो. अँड्रॉइड स्टुडिओ म्हणजे आजचा उंट. आठ जीबी तर त्याची किमान भूक, पडद्यावर खोटा फोन उभा करून ॲप चालवून पाहायचं तर त्याहून कितीतरी जास्त.

एका महिन्यात डिस्क भरली. टायपिंगच्या मुलींचा सरावाचा प्रोग्रॅम उघडेना. त्यांची एकूण जागा शंभर एमबीही नसेल, पण अडल्या त्या. कुणीतरी म्हणालं, त्या ॲपवाल्या पोरांचं सगळं काढून टाका. मी म्हटलं, थांबा, आधी बघू या कशाने भरली. त्यातल्याच एका मुलाला शेजारी बसवून फोल्डर उघडत गेलो. तेव्हा कळलं की तिघांची तीन खाती आणि प्रत्येकाच्या खात्यात तेच सामान पुन्हा पुन्हा उतरलेलं. स्टुडिओ एकच, पण त्याला लागणारी एसडीके नावाची शिदोरी प्रत्येकाच्या घरात वेगळी. दर खात्याला दहा-बारा जीबी.

आमच्या वाड्यांमध्ये बावखलं असतात. विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान, शिंपण्यासाठी खणलेलं. पूर्वी काही बावखलं दोन-तीन घरांत मिळून असत आणि पाण्याची पाळी लागे. प्रत्येकाने वेगळं खणलं असतं तर लावणीला जमीन उरली नसती. पुढे घराघरात बोअरवेल झाल्या, बावखलं बुजवून इमारती उभ्या राहिल्या आणि आता पावसाचं पाणी कुठे जिरवायचं म्हणून आपण डोक्याला हात लावतो. ते दुःख वेगळं आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

सांगायचं ते हे की त्या मुलाला मी एवढंच विचारलं, 'अरे, हे तिघांत मिळून एक नाही का ठेवता येणार?' तो विचारात पडला. दोन दिवसांनी शोधून आला, 'बाई, येतं.' एसडीके डी ड्राइव्हवर एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवली आणि तिन्ही खात्यांना तिचा पत्ता दिला. ग्रेडल म्हणून एक प्रकार आहे, तो प्रत्येक प्रोजेक्टसाठी लागणारं सामान उतरवून साठवत बसतो. ते साठवण प्रत्येकाचं निराळंच राहू दिलं, पण सी ड्राइव्हवरून हलवून डीवर नेलं. पडद्यावरचा खोटा फोन तर काढूनच टाकला. प्रत्येकाच्या खिशात खरा फोन असतो, तो केबलने जोडला की ॲप त्यावरच चालवून पाहता येतं. वीसहून जास्त जीबी मोकळी झाली आणि कुणाचंही काही गेलं नाही. तो मुलगा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हे समजावून सांगतो, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

वही इथेही टांगली आहे. नव्या मुलांना तिचं हसू येतं. संगणकाची नोंद कागदावर कशाला, असं विचारतात. मी म्हणते, डिस्क भरल्यावर डिस्कवरची वही उघडेल का? मग लिहितात.

या आठवड्याची नोंद अशी आहे. ॲपवाल्यांपैकी एकाला त्याच्या अभ्यासक्रमासाठी आणखी एक मोठं सॉफ्टवेअर बसवायचं आहे, पंधरा जीबी, जूनअखेरपर्यंत. फळ्यावर सूचना लावली, हरकत असल्यास शनिवारपर्यंत कळवावी. टायपिंगच्या मुलींनी खाली 'चालेल' लिहून सह्या केल्या. त्याखाली रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका आजोबांचं मोडी वळणाचं अक्षर आहे. 'पंढरपूरचे फोटो डीमध्ये आहेत. काढू नयेत. मुलगा रविवारी पेन ड्राइव्ह आणणार आहे.'

म्हणून सोमवार ठरला आहे.